दादाचं लग्न होऊ दे मग इन्सुलिन बघू, असं आई म्हणतेय

प्रश्न: ताई, मी सातारा जिल्ह्यातून लिहितेय. आई 54 वर्षांची आहे, शुगर निघून 9 वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे पण गेले काही महिने ती गोळ्या दिवसाआड घेते, कारण शेजारच्या काकू म्हणाल्या रोजच्या गोळ्यांनी किडनी जाते. त्याच काकूंनी कुठूनतरी चूर्ण आणून दिलंय, त्यांच्या नणंदेची शुगर म्हणे त्याने मुळापासून गेली. चहात साखर बंद करून गूळ चालू केलाय. मागच्या आठवड्यात तीन महिन्यांची शुगर (एचबीए1सी, टक्क्यांत असते ती) 10.4 आली आणि डॉक्टर म्हणाले आता इन्सुलिन चालू करू. आई तिथेच रडायला लागली. आमच्या मामाला इन्सुलिन चालू केलं आणि वर्षभरात तो गेला, त्याआधी पाय पण कापावा लागला होता, तेव्हापासून सुई म्हणजे शेवटची स्टेज हे तिच्या डोक्यात बसलंय. दादाचं लग्न वैशाखात आहे, निदान तोवर तरी नको म्हणते. दादा म्हणतो तिच्या मनाविरुद्ध नको. मी काय करू? आणि हो, तिच्या पायाच्या अंगठ्याला फोड आलाय, काळपट झालाय, पण दुखत नाही त्यामुळे ती नुसती हळद लावतेय.

उत्तर: अगं, तू जे सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंस ना ते मी सगळ्यात आधी घेते, कारण बाकी सगळ्याला चार दिवस इकडेतिकडे चालतील पण या फोडाला चालणार नाहीत. दुखत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त आहात आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटतेय. पायाला काळपट फोड आलाय आणि दुखत नाही म्हणजे पायाच्या नसा बधिर झालेल्या असायची खूप शक्यता आहे, इतकी वर्षं शुगर असलेल्या लोकांच्यात हे भरपूर दिसतं. चप्पल चावली, खडा टोचला, उन्हात तापलेल्या फरशीवर पाय भाजला तरी कळत नाही, आणि कळत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. उद्याच्या उद्या आईला डॉक्टरकडे ने. फोड घरी फोडू नका, गरम पाण्यात पाय बुडवून शेकू नका (बधिर पायाला पाणी किती कडक आहे ते कळत नाही आणि भाजलेले पाय घेऊन आलेल्या बायका मी पाहिलेल्या आहेत), हळदीचा थर काढून टाका म्हणजे डॉक्टरला जखम नीट दिसेल, आणि अनवाणी चालणं पूर्ण बंद, घरात सुद्धा. वास यायला लागला, पू दिसला, लाली वर चढायला लागली किंवा ताप आला तर उद्याची पण वाट बघू नको, त्याच वेळी निघा, रात्र असली तरी.

आता मामाचं. मी गेली बरीच वर्षं शुगरच्या पेशंटना इन्सुलिन कसं घ्यायचं ते शिकवते आणि समोर बसलेल्या दहा जणांत निदान निम्म्यांच्या घरात असा एक मामा, काका नाहीतर सासरा असतोच, सुई चालू केली आणि वर्षाच्या आत गेला. त्या लोकांना मी कधीच खोटं पाडत नाही, कारण त्यांनी डोळ्यांनी बघितलंय ते. फक्त एक गोष्ट विचारते, सुई चालू व्हायच्या आधीची दहा वर्षं त्यांची शुगर किती होती? बहुतेक वेळा उत्तर येतं की माहीत नाही, तपासतच नव्हते, गोळी कधी घ्यायचे कधी नाही. म्हणजे पाय सडायला, किडनी बसायला, हृदयाच्या नळ्या तुंबायला आधीच सुरुवात झालेली असते, मग माणूस ॲडमिट होतो, तिथे शुगर 400 निघते आणि आता गोळ्यांनी भागणार नाही म्हणून इन्सुलिन लावतात. घरच्यांना मागची दहा वर्षं दिसलेलीच नसतात कारण तेव्हा काही दुखत नव्हतं, दिसते ती शेवटी आलेली सुई, आणि सगळा आळ तिच्यावर जातो. तुझ्या मामाचं नक्की काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण आईशी बोलायला बसशील तेव्हा इथून सुरुवात कर. सुई घे सुई घे म्हणून मागे लागू नकोस. तिला विचार, मामाचा पाय कापला तेव्हा त्याच्या पायाची जखम किती दिवसांची होती, सुई आधी की जखम आधी? तिला आठवेल. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं तिला जास्त पटेल, तुझ्या माझ्या भाषणापेक्षा.

इन्सुलिन आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतंच, स्वादुपिंड रोज बनवतं. ब्रिटनमध्ये 1977 पासून वीस वर्षं चाललेला एक मोठा अभ्यास आहे, यूकेपीडीएस नावाचा, 1998 ला त्याचे मुख्य निष्कर्ष आले, त्या अभ्यासात असं दिसलं की ज्या दिवशी टाइप 2 शुगरचं (बहुतेकांना मोठेपणी होते ती) निदान होतं तोपर्यंत इन्सुलिन बनवायची निम्मी ताकद गेलेली असते, आणि पुढे वर्षागणिक ती अजून कमी होत जाते. आईला तर नऊ वर्षं झालीत. तुमचं शेतकऱ्याचं घर असेल तर आईला असं सांग की एकटा बैल इतकी वर्षं पूर्ण नांगर ओढतोय, आता जोडीला दुसरा बैल दे म्हणतायत डॉक्टर, पहिल्याला विकून टाक नाही म्हणत. तिच्या हातून काही पाप झालं, तिने गोड खाल्लं, तिने पथ्य मोडलं म्हणून ही शिक्षा मिळाली असं तिला वाटत असणार, डॉक्टरसमोर रडली त्यात ते पण असणार बघ. तसं काही नाहीये. दिवसाआड गोळी घेतल्याने शुगर वाढली हे खरंच आहे, पण गोळ्या नियमित घेणाऱ्यांना सुद्धा काही वर्षांनी इन्सुलिन लागू शकतं. आणि एकदा घेतलं की त्याची सवय लागते, मग सुटतच नाही, असं जे म्हणतात त्याचंही उत्तर देते. सवय लागत नाही. गरज असेपर्यंत घ्यायचं. शुगर खूप वर गेलेली असताना काही महिने इन्सुलिन देऊन ती खाली आणली की स्वादुपिंडाला जरा दम मिळतो आणि काही जणांना परत नुसत्या गोळ्यांवर येता पण येतं. आईचं तसं होईलच असा शब्द मी देत नाही, नऊ वर्षं झालीत, पण रस्ता बंद होतो ही समजूत चुकीची आहे.

किडनीचं. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो कारण यात लोक नेमकं उलटं करतात, किडनी वाचवायची म्हणून गोळी सोडतात आणि वाढलेली शुगर (सोबत बहुतेकांना बीपी असतंच) किडनी खाते. मेटफॉर्मिनमुळे किडनी खराब होत नाही. मग हे आलं कुठून? किडनी आधीच अशक्त झाली असेल तर मेटफॉर्मिन शरीरातून नीट बाहेर पडत नाही म्हणून डॉक्टर डोस कमी करतात, किडनीचा आकडा, ईजीएफआर म्हणतात तो, 30 च्या खाली गेला की बंदच करतात. लोकांनी बघितलं की किडनीवाल्याची गोळी बंद केली, म्हणजे गोळीनेच किडनी गेली असणार. इथे पण मामासारखंच झालं बघ, आळ औषधावर गेला. मेटफॉर्मिनचा खरा त्रास म्हणजे सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणाबरोबर घेतली की बरंच कमी होतं, आणि खूप वर्षं घेतली की काही जणांचं बी12 कमी होतं. आईच्या पायांना मुंग्या येत असतील तर बी12 तपासायला सांग, शुगरच्या नसांचा त्रास आणि बी12 चा त्रास सारखाच दिसतो आणि दुसरा तर साध्या औषधाने भरून निघतो. सोबत रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन करून घ्या, किडनीला धक्का लागायला लागला की ते लघवीत आधी दिसतं, पायाला सूज यायच्या कितीतरी आधी. आणि डोळ्याचा पडदा, बाहुली मोठी करून बघतात ती तपासणी, वर्षातून एकदा. नंबर बदललाय का ते चष्म्याच्या दुकानात बघितलं म्हणजे ती तपासणी झाली असं नाही, पडदा खराब होत असताना सुरुवातीला दिसायला सगळं व्यवस्थित दिसतं.

चूर्णाबद्दल मी काकूंना नावं ठेवणार नाही, त्यांनी प्रेमाने आणलंय. पण पुडीवर काय लिहिलंय ते बघ. घटक, बनवणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर, तारीख, यातलं काही नसेल तर ती पुडी बंद करायची, त्यावर चर्चा नको. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये शुगरच्याच ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातल्याचं तपासण्यांमध्ये सापडलेलं आहे. म्हणजे माणूस समजतो की मी गोळी सोडली, चूर्णाने बरा झालो, आणि पोटात जात असते तीच गोळी, किती डोसची ते कुणालाच माहीत नाही, मग कधी शुगर धाडकन खाली येते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पावडर यांचं सांगायचं तर भाजी म्हणून कारलं खा, मेथी खा, चांगलंच आहे, थोडाफार फरक पडतही असेल, पण 10.4 ला त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. कडू खाल्लं की रक्तातलं गोड मरतं असं काही शरीरात होत नाही.

आणि मुळापासून गेली, हे जे नणंदेचं आहे, ते पूर्ण खोटं असेलच असं पण नाही. टाइप 2 शुगर काही लोकांची औषधाशिवाय नॉर्मलला येते, हे 2017 मध्ये ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात नीट मोजून दाखवलंय, कडक कमी कॅलरीचा आहार आणि त्यातून घटलेलं वजन, वर्षभराने जवळपास निम्म्या लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात आली. पण ती सगळी माणसं वजनाने जास्त होती, निदान होऊन सहा वर्षांच्या आतली होती, इन्सुलिनवर एकही नव्हता, सगळं डॉक्टरच्या देखरेखीत झालं, आणि वजन परत चढलं की शुगर पण परत येते. नणंदेचं तसं काही झालं असेल तर आनंदच आहे, वजन किती कमी झालं ते विचार काकूंना. एक मात्र जीव तोडून सांगते, लहान मुलाची किंवा टाइप 1 वाल्या कुणाची इन्सुलिन कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून थांबवायची नाही, त्यांच्या शरीरात ते बनतच नाही, दोनचार दिवसांत जिवावर बेतू शकतं. तुझ्या आईला हे लागू नाही पण काकू अजून कुणाकुणाला पुड्या देत असतील तर त्यांना हे माहीत असू दे.

गुळाचं वाद घालून पटणार नाही, मोजून पटेल. घरी ग्लुकोमीटर नसेल तर घ्या, तो लागणारच आहे. एके दिवशी आईची सकाळची उपाशीपोटीची शुगर बघ, मग तिला रोजचा गुळाचा चहा देऊन दीड-दोन तासांनी परत बघ. दुसऱ्या दिवशी तेवढाच चहा, गूळ न घालता. दोन्ही दिवशी बाकी काही खायचं नाही मधे, आणि त्या दिवसांची सकाळची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरला आधी विचारून ठेव, उपाशीपोटी ग्लिमेपिराइड घेऊन बसायचं नाही. आकडे वहीत तिच्याच हाताने लिहू दे. गुळात थोडं लोह वगैरे असतं हे खरंय पण बाकी सगळा ऊसच, साखर ज्या उसाची तोच, आणि साखर सोडली या समाधानात लोक गूळ दुप्पट घालतात. तीच गोष्ट मधाची. शुगर फ्री लिहिलेल्या बिस्किटांची पण, मैदा आहेच ना त्यात. ज्वारीची भाकरी भातापेक्षा बरी हे मान्य, पण भाकरीने शुगर वाढतच नाही म्हणून तीन-तीन भाकरी खाणारे पण आहेत, दीड भाकरी, वाटीभर उसळ नाहीतर डाळ, भाजी जास्त, कांदा-काकडी, असं ताट असेल तर पोट पण भरतं. गुरुवार, एकादशी वगैरे करत असेल तर साबुदाण्यावर लक्ष ठेव, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, खिचडीने शुगर भरभर चढते, आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत पोटात काही नसताना सकाळी ग्लिमेपिराइड घेतलेली असली तर आधी खाली जाते, मग खिचडीने वर. उपासाच्या दिवशी कोणती गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरकडून चिठ्ठीवर वेगळं लिहून घे. देवाला उपास चालतो तसा न केलेला पण चालतो, हे तिला घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाकडून सांगव, तुझ्याकडून नको, मुलीचं याबाबतीत ऐकत नाहीत आया.

आता सुई प्रत्यक्षात काय असते ते. आईच्या डोळ्यांसमोर सलाइनची नाहीतर पेनिसिलिनची ती मोठी सुई असणार. इन्सुलिन टोचायचं पेन मिळतं, त्याची सुई फक्त 4 मिलीमीटरची असते, केसासारखी बारीक. मी शिकवताना पहिली सुई पेशंटला रिकामी टोचून दाखवते पोटावर, डोळे मिटून बसलेले असतात आणि मग विचारतात, टोचली का? पोटाला बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून टोचायची, रोज जागा थोडी बदलायची, नाहीतर तिथे गाठ होते आणि त्या गाठीत टोचलं की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. टाइप 2 मध्ये सुरुवात बऱ्याचदा रात्री एकच, थोड्या युनिटनी करतात, मग सकाळच्या शुगरचे आकडे बघून हळूहळू वाढवतात. पेन महाग पडत असेल तर बाटली आणि सिरिंज, सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात विचारा. पण बाटली घेतलीत तर हे नीट वाच, आपल्याकडे बहुतेक बाटल्या 40 युनिटच्या (म्हणजे एका मिलीत 40 युनिट) मिळतात आणि त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते, 100 युनिटच्या बाटलीला केशरी टोपणाची. ही अदलाबदल झाली तर डोस अडीच पट जास्त किंवा अडीच पट कमी जातो. दुकानदार घाईत कुठलीही देतो, आपण बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवूनच घरी यायचं. न वापरलेलं इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, गोठलं की ते गेलं. चालू असलेलं पेन किंवा बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात नाही. फ्रीज नसला की प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून मातीच्या माठात किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवतात, चांगलं राहतं.

लग्नाबद्दल मला आईचं अगदी समजतं. पोराचं लग्न, घरात पाहुणे, कुणी बघितलं तर काय म्हणेल, मुलीकडचे म्हणतील सासू आजारी आहे. पण वैशाखापर्यंत 10.4 तशीच ठेवायची म्हणजे सरासरी शुगर 250 च्या आसपास घेऊन ती हळदीला आणि मांडवात उभी राहणार, पायाला जखम असताना, सतत तहान, सतत लघवीला, दुपारीच गळून जाणार. उलट आत्ता चालू केलं तर लग्नापर्यंत डोस बसलेला असेल, तिला टोचायची सवय झालेली असेल आणि तिच्या अंगात जोर असेल. रात्रीची एक सुई आहे, आतल्या खोलीत दोन मिनिटांचं काम, कुणाला कळणार पण नाही. तिला हेच सांग, सुई लग्नासाठीच घ्यायची.

फक्त लग्नघरातली एक गोष्ट खरंच धोक्याची असते, जेवणाची वेळ. सकाळी सातला गोळी घेतलेली आणि पंगत दुपारी तीनला, मधे नुसतं चहापाणी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसाला यात शुगर कमी व्हायचा त्रास होऊ शकतो, घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, चिडचिड होते, बोलणं विचित्र होतं. बघणाऱ्यांना वाटतं दगदगीने झालंय, जरा पडू दे. पडू द्यायचं नाही. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल तरी, लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, 15 मिनिटांनी परत बघायची, अजून कमीच असेल तर परत तेवढीच, आणि वर आली की काहीतरी खायला. इथे पेढा, लाडू नको, त्यातल्या तुपाने साखर रक्तात जायला उशीर लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे घरातल्या निदान तीन जणांना माहीत पाहिजे, एकट्या तुला असून उपयोग नाही, तू त्या दिवशी करवली म्हणून पळत असशील. तिच्या कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी असू दे. आणि जेवताना तिने पुरणपोळी मागितली तर अर्धी द्या, तोंड आंबट करू नका, त्या दिवशी भात कमी वाढा एवढंच.

दादा म्हणतो मनाविरुद्ध नको, तर तो चुकीचं बोलत नाहीये, पण आईचं मन ज्या माहितीवर बनलंय ती माहितीच चुकीची आहे तर आधी ती बदलायला तुला मदत तरी करू दे त्याला. डॉक्टरकडे जाताना तोच आईसोबत असेल तर फार बरं, मुलगा बाजूला बसला की आई ऐकते, हे मी कित्येक घरांत बघितलंय. आणि त्याची स्वतःची तपासणी झाली आहे का? आई शुगरवाली, मामा शुगरवाला. मी बारीक आहे मला काय होतंय असं म्हणेल तो, म्हणून सांगते, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो प्रसिद्ध आहे, ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, 22.3, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. आपल्याकडची माणसं वरून सडपातळ आणि आतून चरबी, पोटाशी जास्त, अशी असतात, म्हणून वजनकाट्यावर विसंबून राहायचं नाही. भारतात 10 कोटींवर लोकांना शुगर आहे असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात आलंय, आणि त्याहून जास्त लोक काठावर आहेत. तिशीच्या पुढच्यांची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आईचा पाय दाखवायला जाल त्याच फेरीत दादाचं पण रक्त देऊन या, आणि तू तिशीची नसलीस तरी घरातला इतिहास सांगून तुझं पण तपासायला सांग.